आधी ऐका, मग हिशेब बोला

हिंदमाताचा बाजार म्हटला की लग्नाचा बस्ता, साड्यांचे गठ्ठे, ड्रेस मटेरियलचे ढीग आणि आंबेडकर रस्त्यावरची गर्दी डोळ्यांसमोर येते. या बाजारात दुकानदाराच्या मुलाला कापड ओळखायला दोन-तीन वर्षांत शिकवले जाते. चिमटीत कापड धरून सूत किती आणि पॉलिस्टर किती हे तो सांगू लागतो. उधारी कोणाला द्यायची, दलालाचे किती धरायचे, परतीचा माल कुठे खपवायचा हे तो गल्ल्याशेजारी बसून शिकतो. पण समोरचा माणूस रागावून आला तर काय करावे, हे त्याला कोणी शिकवीत नाही. वडील ओरडताना दिसले तर तो ओरडायला शिकतो, वडील गप्प बसत असतील तर गप्प बसायला शिकतो. आमच्या मते आपल्या व्यापारी व कारागीर वर्गाच्या नुकसानीचे हे एक मोठे कारण आहे, आणि ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाही.

वहीत लिहिले जात नाही म्हणजे काय? एखाद्या कारखान्यात अड्ड्यावर चार महिने बसलेला जरीकामाचा चांगला कारीगर एका रात्रीत उठून दुसरीकडे जातो. अड्ड्यावर अर्धे काम तसेच ताणलेले असते. मालक म्हणतो, "दोनशे रुपये जास्त मिळाले म्हणून गेला." शंभरांतून काही वेळा ते खरेही असेल. पण पुष्कळदा तो माणूस दोन महिन्यांपासून काहीतरी सांगू पाहत होता आणि मालक कॅल्क्युलेटरवरून नजर काढीत नव्हता. ग्राहकाचे तसेच, पुरवठादाराचे तसेच, आणि भागीदार भावांचे तर विचारूच नका. दोन भावांची पेढी फुटते तेव्हा लोक पैशांचे कारण सांगतात. पैशांची गोष्ट शेवटी येते. त्याआधी कित्येक वर्षे दोघांपैकी एकाचे बोलणे अर्ध्यावर तोडले गेलेले असते.

बोलण्याच्या तऱ्हा माणसागणिक वेगळ्या असतात, पण बाजारात त्या साधारण चार प्रकारच्या दिसतात. एक ओरडणारा. त्याचे काम लगेच होते म्हणून त्याला वाटते की ही रीत चांगली. त्याच्याकडे माणसे टिकत नाहीत हे त्याला उशिरा कळते. दुसरा गिळणारा. तिसरा टोमणे मारणारा, जो तोंडावर "हो शेठ" म्हणतो आणि माल मुद्दाम आठ दिवस उशिरा देतो. चौथा सरळ सांगणारा, आणि तो दुर्मीळ.

ओरडणाऱ्याची चर्चा सगळेच करतात. आम्हाला काळजी वाटते ती गिळणाऱ्याची, कारण आपला कारीगर बहुतकरून याच वर्गातला आहे. तो बिहारमधून, उत्तर प्रदेशातून किंवा बंगालमधून आलेला असतो. मदनपुऱ्यात किंवा धारावीत काम करतो, तिथेच झोपतो आणि त्याच मालकाकडून उचल घेतलेली असते. ज्याची उचल अंगावर आहे तो सरळ कसे बोलणार? तो मान खाली घालून ऐकतो, आणि मालकाला वाटते की सगळे आलबेल आहे. कारखान्यातल्या शांततेला समाधान समजणे ही चूक जितकी स्वस्त वाटते तितकीच ती महाग पडते. म्हणून ऐकून घेण्याची पहिली जबाबदारी ज्याच्या हातात पैसा आहे त्याची. "कारीगराने बोलायला हवे होते," हे वाक्य आम्हाला मान्य नाही.

आता एक नेहमीचा वाद नमुन्यादाखल घेऊ. दुकानदाराने नवरीच्या लेहेंग्याचे हातकाम बाहेर दिले. काम आले ते चकचकीत सोनेरी जरीत. दुकानदार म्हणतो, "उस्ताद, मी अँटिक सांगितली होती." उस्ताद म्हणतो, "शेठ, आपण सोनेरीच म्हणालात." येथून पुढे आवाज चढतो. एकजण मागची तीन वर्षे काढतो, दुसरा मजुरी ठेवून जायला सांगतो आणि बाजूचे दोन दुकानदार तमाशा बघायला उभे राहतात. आता याच जागी दुकानदाराने एवढेच म्हटले असते तर? "म्हणजे तुमचे म्हणणे असे की, मी नमुना दाखवला तेव्हा सोनेरी जरीकडे बोट दाखवले होते. बरोबर ना?" आणि मग गप्प बसला असता. उस्तादाने कदाचित सांगितले असते की, नमुना शेठने नव्हे, नोकराने दाखवला. आणखी थोडे थांबले असते तर खरी गोष्ट बाहेर आली असती: मागच्या खेपेची मजुरी अजून अडकलेली आहे, म्हणून त्याने मध्येच दुसरे काम धरले, हे काम घाईत उरकले आणि जरी विचारायला फोन करायचा राहून गेला. भांडण जरीचे दिसत होते, पण मुळात ते मागच्या हिशेबाचे होते. जरीवर तासभर वाद घालून ते कधीच मिटले नसते.

समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत त्यालाच सांगायचे, आणि तो "होय, हेच" म्हणेपर्यंत आपले उत्तर द्यायचे नाही, ही युक्ती आम्ही शोधलेली नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी ती १९५२ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या व्यवस्थापनाच्या नियतकालिकात मांडली होती. पुढे १९५७ मध्ये रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी 'ॲक्टिव्ह लिसनिंग' नावाची छोटी पुस्तिका लिहिली. ती प्रसिद्ध केली शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्राने. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. आज हा शब्द नवरा-बायकोच्या समुपदेशनात आणि मोठ्या हॉटेलांतल्या महागड्या शिबिरांत ऐकू येतो. पण त्याचा जन्म कारखान्यातील मुकादम आणि कामगार यांच्यातील बोलण्याच्या प्रश्नातून झाला. म्हणजे ही वस्तू मुळात आपल्याच पेठेची आहे.

त्याही आधीची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला विचारणारे ठरावीक प्रश्नांची यादी घेऊन बसत. पण कामगार प्रश्न सोडून भलतेच बोलू लागत. मग रीत बदलली: त्याला जे बोलायचे ते बोलू द्या, मध्ये तोडू नका, उपदेश करू नका. त्यानंतर तक्रारींचा खरा तळ दिसू लागला. या प्रयोगावर पुढे टीकाही झाली. ऐकून तर घेतले, पण पगाराचे आणि हक्कांचे काय, असा टीकाकारांचा सवाल होता. तो सवाल रास्त आहे, आणि त्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.

परदेशातले दाखले पुरे. हिंदमाताच्या चौकात उभे राहिले की दाखला समोरच आहे. टाटा मिल, गोल्ड मोहर, स्प्रिंग मिल आणि पुढे परळ-लालबागच्या गिरण्या. १८ जानेवारी १९८२ रोजी या गिरणगावात संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. एक लाखाहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. मदनपुऱ्यातील आपल्या विणकर कुटुंबांनीही या गिरण्यांच्या सांच्यांवर पिढ्या काढल्या होत्या. त्यांची घरेही त्यात बसली.

संपाची कारणे अनेक होती. पगार, बोनस, बदली कामगारांचा प्रश्न, शिवाय गिरण्यांची जुनाट यंत्रे आणि मालकांचे जमिनीकडे लागलेले डोळे. त्या सगळ्यांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. आम्हाला दाखवायचे आहे ते एवढेच की या वादात ऐकण्याची वाटच कायद्याने अरुंद करून ठेवली होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार कापड गिरण्यांत एकच संघटना प्रातिनिधिक मानली जाई, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालक बोलणार ते तिच्याशीच. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून कामगारांचा या संघटनेवरचा विश्वास उडाला. स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंत यांच्या घरी गेले आणि नेतृत्व करा म्हणून आग्रह धरून बसले. आता लाखो माणसे एकाच्या मागे उभी होती आणि कायदा दुसऱ्याकडे बोट दाखवीत होता. तो कायदा रद्द करा हीदेखील संपाची एक मागणी झाली. आमचे म्हणणे ऐकायला आम्ही निवडलेल्या माणसाला बसू द्या, असा त्या मागणीचा साधा अर्थ होता. सरकार आणि मालक दोघेही त्याला तयार झाले नाहीत. डॉ. सामंत यांच्याही आग्रही शैलीत मागे येण्याची वाट नव्हती असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांत तथ्य आहे. पण ज्याला टेबलावर जागाच दिली जात नाही त्याच्याकडून टेबलावरच्या सभ्यतेची अपेक्षा करणे आम्हाला फारसे न्यायाचे वाटत नाही.

याच्या उलट चित्र अहमदाबादेचे. १९१८ मध्ये तिथेही गिरणी संप झाला होता. एका बाजूला मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, दुसऱ्या बाजूला कामगारांकडून त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन आणि गांधीजी. लढाई खरी होती, उपास झाला, पण बोलणे थांबले नाही. प्रकरण लवादाकडे गेले आणि १९२० मध्ये उभ्या राहिलेल्या मजूर महाजनाने पंचनिवाडा ही रीतच करून टाकली. एका शहरात लवादाची सवय लागली, दुसऱ्यात कोर्टाची आणि बंदची.

आपल्या वाचकांना गिरणीपेक्षा जवळचा दाखला भिवंडीचा आहे. भिवंडी म्हणजे यंत्रमागाचे गाव. हिंदमातासारख्या बाजारांत जे साधे कापड येते त्यातले बरेचसे तिथल्या मागांवरचे. १९७० आणि १९८४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात तिथे भीषण दंगली झाल्या. माणसे मेली, माग जळाले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या स्थापन केल्या. त्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली. हिंदू आणि मुसलमान समसमान. महत्त्वाचे असे की त्यांत पुढाऱ्यांचा भरणा नव्हता. मागवाले, कामगार, फेरीवाले, रिक्षावाले अशी रोज रस्त्यावर एकमेकांना भेटणारी माणसे त्यांत होती. आणि कमिटीच्या बैठका दंगलीनंतर नव्हे, शांततेच्या काळात होत. किरकोळ तक्रारी किरकोळ असतानाच ऐकल्या जात. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दोन वेळा जळालेले गाव तिसऱ्या वेळी का जळाले नाही, याचे एकच एक उत्तर देता येणार नाही. पण या कमिट्यांचा वाटा मोठा होता, हे बहुतेक जाणकार मान्य करतात.

त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून गोळीबार झाला, माणसे मेली आणि दोन पोलीस शिपायांचा खून पडला. आमचा अर्थ असा की ऐकण्याची यंत्रणा एकदा बसवली म्हणजे झाले असे नसते. मागाला तेल घालावे लागते तसे तिलाही घालावे लागते.

मुंबईतही १९९२-९३ नंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांचे काम उभे राहिले. धारावीत वकार खान आणि भाऊ कोरडे या जोडीने ते केले. यांपैकी वकार खान हे तयार कपड्यांचा धंदा करणारे, म्हणजे आपल्याच पेशातले. चार धर्मांच्या पोशाखातील चार मुलांचे त्यांचे पोस्टर पुष्कळांनी पाहिले असेल. या दोघांवर २००३ मध्ये 'नाता' नावाचा माहितीपटही निघाला. व्यापारी माणसाला समाजकार्याला वेळ कुठला, असे म्हणणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा. दंगलीत पहिले शटर कोणाचे फुटते?

आता मघाच्या रास्त सवालाकडे येऊ. ऐकून घेणे ही कधीकधी फसवणूकही असते. अशी एक जात बाजारात आहे, आणि तिला सगळे ओळखतात: शेठ खुर्ची देतो, चहा मागवतो, "भाई, तुमचे म्हणणे अगदी बरोबर," असे तीनदा म्हणतो आणि पैसे पुढच्या महिन्यावर ढकलतो. हे ऐकणे नव्हे, ही उधारी लांबवण्याची कला आहे. कारीगराला कान मिळाले आणि मजुरी मिळाली नाही तर त्या कानांचे त्याने काय करावे? म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की ऐकण्याचे शिक्षण आणि लेखी व्यवहार हे दोन्ही एकत्र चालले पाहिजेत. नमुन्याचा फोटो, दर, तारीख आणि मजुरी देण्याचा दिवस हे चार मुद्दे चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या झाल्या तर निम्मी भांडणे जन्मालाच येणार नाहीत. ज्याला लिहिता येत नाही त्याला ती चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवावी आणि त्याच्याकडून आवाजात नोंद घ्यावी. मोबाईलमुळे ही सोय आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

कायद्यानेही अशा वेळी हात दिला आहे, पण आपले लोक त्याची माहिती घेत नाहीत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान उत्पादकाचे किंवा जॉबवर्क करणाऱ्याचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार त्यासाठी नेमलेल्या परिषदेकडे करता येते, आणि तिथेही पहिली पायरी समेटाचीच आहे. मात्र त्यासाठी कारखान्याची उद्यम नोंदणी हवी. नुसत्या खरेदी-विक्रीवर चालणाऱ्या दुकानदाराला हे संरक्षण नाही, हेही सांगून ठेवतो. २०२३ च्या वित्त कायद्याने यात आणखी एक कळ फिरवली: अशा लहान उद्योगाचे पैसे मुदतीत न दिल्यास ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येणार नाही, आकारणी वर्ष २०२४-२५ पासून. तेव्हा सुरतेसह ठिकठिकाणच्या कापड बाजारांत एकच ओरड झाली, काहींनी मागण्या रद्द केल्या. गंमत अशी की व्यापारी आणि पुरवठादार यांनी मुदतीविषयी आधी समोरासमोर बसून बोलणे केले असते तर सरकारला मध्ये पडायचे कारण राहिले नसते.

ग्राहकांच्या बाबतीत तर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी लावून आपले दुकानदार निर्धास्त असतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. आणि तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद असेल तर, तातडीचा हुकूम मागायचा नसेल तेव्हा, दाव्याआधी मध्यस्थीकडे जाणे बंधनकारक आहे. ही तरतूद २०१८ ची, आणि ती पाळलीच पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. कोर्टसुद्धा आता आधी बसून बोला असेच म्हणते. वकिलाला पैसे देऊन बोलण्यापेक्षा आधीच फुकट बोललेले काय वाईट?

एका वर्गाचा उल्लेख राहून जातो तो येथे करतो. घरी बसून टिकल्या लावणाऱ्या, मणी ओवणाऱ्या, काठ टाचणाऱ्या आपल्या आया-बहिणी. त्यांचा आणि दुकानदाराचा कधीच सामना होत नाही. मध्ये माल वाटणारा किंवा वाटणारी असते आणि निरोप त्याच्या तोंडून जातो. दुकानदार म्हणतो, "काम ढिले आहे." बाईला कळते, "पैसे कापले." बाई म्हणते, "मणी कमी दिले होते." दुकानदाराला कळते, "बाया माल मारतात." दोन्ही टोकांची माणसे खरी आणि मधला निरोप खोटा, अशी ही अवस्था आहे. महिन्यातून एकदा दुकानदाराने, किंवा त्याच्या घरातील एखाद्या बाईने, त्या गल्लीत जाऊन अर्धा तास बसावे. काम कापण्याची निम्मी कारणे तिथेच उलगडतील. मधल्या माणसाला ते आवडणार नाही.

व्हॉट्सॲपनेही या बाबतीत भलेबुरे दोन्ही केले आहे. न लिहिता येणारा कारीगर आवाजात तक्रार पाठवू शकतो, ही मोठी गोष्ट. पण शेठ तो आवाज दुप्पट वेगाने ऐकतो, तेही दुसऱ्या ग्राहकाला साडी दाखवताना, आणि उत्तरादाखल अंगठा पाठवतो. तो अंगठा होकाराचा, की "पाहिले" एवढाच, हे दोघांनाही ठाऊक नसते. रकमेचा आणि परतीचा विषय अंगठ्यावर मिटवू नये. फोन लावावा किंवा भेटावे.

हे सारे शिकवायचे कसे? 'कम्युनिकेशन स्किल' नावाचे क्लास गल्लोगल्ली निघाले आहेत. त्यांत मुलांना इंग्रजीत आपली ओळख करून द्यायला शिकवतात. तेही असावे. पण हिंदमाताच्या दुकानात किंवा मदनपुऱ्यातल्या अड्ड्यावर जे लागते ते निराळे आहे. आमची सूचना अशी की प्रत्येक बाजारातील संघटनेने किंवा जमातीने रविवारी दुपारी दोन तास दुकानदार, उस्ताद, शागीर्द आणि दलाल यांना एकत्र बसवावे. भाषण नको. खऱ्या वादांतून नावे काढून टाकावीत आणि एक वाद घ्यावा. दुकानदाराने कारीगराची बाजू घ्यावी, कारीगराने दुकानदाराची. नियम एकच, रॉजर्सचा: समोरच्याचे म्हणणे त्याच्या समाधानापुरते परत सांगितल्याशिवाय आपले तोंड उघडायचे नाही. पहिल्या दिवशी हशा पिकेल. कारण बहुतेकांना समोरच्याचे एक वाक्यही धड परत सांगता येत नाही. ते त्यात आपले उत्तर मिसळून टाकतात. "म्हणजे तुम्ही उशीर केला हे तुम्हाला कबूल आहे," हे ऐकणे नव्हे, ही उलटतपासणी आहे. हा फरक ज्याला एकदा हसत-हसत कळला तो दुकानात विसरत नाही.

भाषेचाही विचार करावा. मालक मराठीत किंवा गुजरातीत विचार करतो, कारीगर भोजपुरीत किंवा बंगालीत, आणि दोघे हिंदीत भांडतात. दोघांनाही परकी असलेल्या भाषेत राग लवकर येतो. म्हणून पंचांत दोन्ही भाषा जाणणारा एकजण असावा. आणि पंच नेमताना ज्याची उधारी कोणाकडेच अडकलेली नाही असा शोधावा. असा माणूस सापडणे कठीण आहे हे आम्ही जाणतो, म्हणूनच एकाऐवजी तिघे असावेत आणि त्यांत एक कारीगर असलाच पाहिजे. कारीगराविना बसलेले पंच म्हणजे मालकांची चहापार्टी होते. आमच्या बिरादऱ्यांत सुलहनाम्याची परंपरा जुनी आहे, पण त्या बैठकांत बोलणारे नेहमी तेच तिघे-चौघे असतात आणि ज्याचा मसला आहे तो दारात चपला सांभाळीत उभा राहतो. त्याला आत बसवून, आधी त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे.

सुरुवात पावसाळ्यात करावी असे आम्हाला वाटते. हिंदमाताला पाणी भरते हे मुंबईत पोरालाही माहीत आहे. महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या आहेत, तरी मुसळधार पाऊस लागला की दुकानदार खालच्या फळीवरचे गठ्ठे अजून वर उचलतात. त्या दिवसांत ग्राहकी मंद असते, हातात वेळ असतो, आणि भिजलेल्या मालाचा तोटा घाऊक व्यापाऱ्याचा, टेम्पोवाल्याचा की दुकानदाराचा, हा वाद दरवर्षी ताजा असतो. पहिल्या रविवारी तोच घ्यावा, आणि टेम्पोवाल्यालाही बोलवावे.